पॉप-अप खिडकी का अडते?
संकेतस्थळांच्या रचनेचा एक पाठ

घरपट्टी व पाणीपट्टी भरणे, दाखल्यासाठी अर्ज करणे, परीक्षेचे प्रवेशपत्र काढून घेणे, शाळेची माहिती वरिष्ठ कार्यालयास सादर करणे अशी अनेक कामे आता संकेतस्थळांमार्फत होऊ लागली आहेत. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम आला. त्याखाली अधिसूचित झालेल्या अनेक सेवांसाठी ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. कार्यालयाची पायरी न चढता काम व्हावे, हा या व्यवस्थेचा हेतू होय. तो सफल होण्यासाठी संकेतस्थळाच्या रचनेतील लहानसहान गोष्टींकडेही बारकाईने पाहावयास हवे. प्रस्तुत लेखात अशाच एका लहान वाटणाऱ्या, परंतु नागरिकास मोठा मनस्ताप देणाऱ्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

नागरिक पैसे भरतो. पडद्यावरील ‘पावती पाहा’ हे बटण दाबतो. काहीच घडत नाही. तो पुन्हा बटण दाबतो, तरीही पडदा जसाच्या तसा. पैसे खात्यातून गेले आहेत, पण हाती पावती नाही. अशा वेळी कोणी दुसऱ्यांदा भरणा करतो, कोणी एका दिवसाची मजुरी बुडवून कार्यालयात चौकशीस जातो, तर कोणी ‘संगणकावरचे काम खात्रीचे नाही’ असा कायमचा ग्रह करून घेतो. वास्तविक येथे पैसेही हरवलेले नसतात आणि यंत्रही बिघडलेले नसते. संकेतस्थळाने पावती दाखविण्यासाठी नवी खिडकी उघडण्याचा प्रयत्न केलेला असतो आणि ब्राउझरने ती खिडकी अडविलेली असते. या अडविण्यास ‘पॉप-अप प्रतिबंध’ असे म्हणतात.

प्रतिबंधाचा उगम

हा प्रतिबंध कशासाठी आला, हे समजले म्हणजे त्यावरील उपायही आपोआप उलगडतात. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या कंपनीत तयार केली. संकेतपृष्ठास नवी खिडकी उघडण्याची आज्ञा देता यावी, अशी सोय त्या भाषेत सुरुवातीपासूनच होती. ‘विंडो डॉट ओपन’ या नावाने ती आज्ञा आजही वापरली जाते. मदतीची माहिती, मोठे चित्र किंवा छापण्याची प्रत वेगळ्या खिडकीत दाखवावी, एवढाच तिचा साधा उपयोग.

या सोयीचा जाहिरातींसाठी वापर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. ट्रायपॉड या अमेरिकन संकेतस्थळासाठी काम करणारे ईथन झुकरमन यांनी जाहिरात स्वतंत्र खिडकीत उघडणारी आज्ञावली लिहिली. एका मोटार कंपनीची जाहिरात एका आक्षेपार्ह पृष्ठावर झळकल्याने ती कंपनी नाराज झाली होती. जाहिरात आणि पृष्ठ यांचा संबंध दिसू नये, हा त्या युक्तीमागील उद्देश होता. या शोधाबद्दल झुकरमन यांनी २०१४ साली जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली. तोपर्यंत त्या युक्तीने जगभरातील वापरकर्त्यांना पुरेसे त्रस्त केलेले होते. एक खिडकी बंद करावी तर दुसऱ्या दोन उघडाव्यात, असा प्रकार सर्रास घडे. २००१ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका इसमाविरुद्ध कारवाई केली. त्याने प्रसिद्ध संकेतस्थळांच्या नावांशी मिळतीजुळती, पण एखाद्या अक्षराने चुकलेली पाच हजारांहून अधिक नावे नोंदवून ठेवली होती. टंकलेखनात चूक करणारा वाचक तेथे पोहोचला, की त्याच्यावर खिडक्यांचा भडिमार होई आणि बाहेर पडणेही कठीण जाई.

या उपद्रवास उत्तर म्हणून ब्राउझर बनविणाऱ्यांनी प्रतिबंधाची व्यवस्था आणली. प्रमुख ब्राउझरांपैकी ऑपेराने या कामी पुढाकार घेतला. २००४ साल या बाबतीत निर्णायक ठरले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ही व्यवस्था आली आणि नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती तीसह प्रसिद्ध झाली. आज संगणकावरील आणि मोबाइलवरील सर्व प्रमुख ब्राउझरांत हा प्रतिबंध मुळातच चालू असतो. तात्पर्य, हा प्रतिबंध नागरिकाच्या संरक्षणासाठी आहे. संकेतस्थळ तयार करणाऱ्याने त्याला शत्रू न मानता, त्याचा नियम समजून घेऊन काम करावे, हेच उचित.

ब्राउझर काय पाहतो?

एखाद्या अधिकाऱ्याच्या दालनाबाहेर शिपाई बसलेला असतो. साहेबांनी स्वतः चिठ्ठी देऊन बोलाविलेल्या अभ्यागतास तो आत सोडतो. न बोलाविता आलेल्यास थांबवितो. ती चिठ्ठी एकाच माणसासाठी असते आणि थोड्या वेळापुरतीच चालते. ब्राउझरचा नियम नेमका असाच आहे.

येथे साहेब म्हणजे वापरकर्ता. त्याने बटणावर क्लिक केले, पडद्यास स्पर्श केला किंवा कळफलकावरील कळ दाबली, की ब्राउझर त्याची नोंद घेतो. या कृतीनंतर थोडा वेळ संकेतपृष्ठास नवी खिडकी उघडण्याची मुभा मिळते. ही मुभा अवघी काही सेकंद टिकते आणि खिडकी एकदा उघडली, की ती खर्ची पडते. त्यामुळे एका क्लिकमध्ये दोन खिडक्या उघडू पाहणाऱ्या पृष्ठाची दुसरी खिडकी बहुधा अडते. माऊस नुसता फिरविणे किंवा पान वर-खाली सरकविणे ही अशी कृती धरली जात नाही. आज्ञावलीने स्वतःच कृत्रिमरीत्या बटण दाबल्याचे भासविले, तरी ब्राउझर फसत नाही. पान उघडताच आपोआप येणारी खिडकी तर थेट अडविली जाते.

मुभेचा अवधी सर्व ब्राउझरांत सारखा नाही. काही ब्राउझर पाच सेकंदांच्या आसपास मुभा देतात, तर सफारी याबाबत अधिक कडक आहे. यामुळे एका ब्राउझरमध्ये चालणारे पृष्ठ दुसऱ्यात अडते, असा अनुभव येतो.

चूक कोठे होते?

आता पावतीचे उदाहरण पुन्हा घेऊ. नागरिकाने बटण दाबले. पृष्ठाने सर्व्हरकडे पावतीची मागणी केली. सर्व्हरने नोंदवही तपासून पावती तयार केली, तिचा पत्ता परत पाठविला आणि तो पत्ता हाती आल्यावर पृष्ठाने नवी खिडकी उघडण्याची आज्ञा दिली. वरवर पाहता या क्रमात काहीच वावगे नाही. परंतु बटण दाबणे आणि खिडकी उघडणे यांच्या मध्ये सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्याचा काळ आला. तेवढ्यात मुभेची मुदत संपली, तर खिडकी अडते.

या दोषाचे सर्वांत घातक अंग असे, की तो तयार करणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. शहरातील कार्यालयात इंटरनेटची जोडणी वेगवान असते. उत्तर अर्ध्या सेकंदात येते, मुभा शिल्लक असते आणि खिडकी विनाअडथळा उघडते. चाचणी यशस्वी झाल्याची नोंद होते. तेच पृष्ठ दुर्गम पाड्यावर, मोबाइलच्या क्षीण संदेशावर उघडले, की उत्तरास आठ-दहा सेकंद लागतात आणि खिडकी अडते. कर भरण्याच्या अखेरच्या दिवशी सर्व्हरवर गर्दी झाली, तर शहरातही हाच प्रकार घडतो. म्हणजे ज्याला कार्यालय दूर आहे आणि ज्याची जोडणी दुबळी आहे, त्याच्याच वाट्याला हा त्रास सर्वाधिक येतो. सेवा दारापर्यंत नेण्याच्या प्रयत्नात नेमके दूरचे दारच बंद राहते. म्हणूनच हा प्रश्न निव्वळ तांत्रिक मानून सोडून देता येत नाही.

यावरून रचनेचे मूळ सूत्र असे निघते, की नवी खिडकी उघडणे सर्व्हरच्या वेगावर कधीही अवलंबून ठेवू नये.

उपाय

या सूत्रास धरून पुढील उपाय योजता येतात. ते पसंतीच्या क्रमाने दिले आहेत.

१. खिडकीच उघडू नये. बहुतेक प्रसंगी नव्या खिडकीची गरज नसते. पावती त्याच पानावर दाखवावी. सूचना किंवा खात्री करून घेणारा प्रश्न दाखवावयाचा असल्यास पानाच्या आतच चौकट उघडता येते. त्यासाठी एचटीएमएलमध्ये ‘डायलॉग’ हा घटक असून २०२२ सालापासून सर्व प्रमुख ब्राउझर तो ओळखतात. पावतीची फाइल द्यावयाची असेल, तर ती ‘उतरवून घेण्याची फाइल’ आहे असे सर्व्हरने उत्तराच्या शीर्षातच सांगावे, म्हणजे ब्राउझर खिडकी न उघडता ती जतन करतो. पैसे भरण्याचे पानही वेगळ्या खिडकीत न उघडता त्याच टॅबमध्ये उघडून, भरणा होताच मूळ स्थळी परत आणणे अधिक सुरक्षित.

२. साधा दुवा द्यावा. सर्व्हरचे उत्तर आल्यावर पृष्ठाने स्वतः खिडकी उघडू नये. ‘आपली पावती तयार आहे. पाहण्यासाठी येथे दाबा’ असा ठळक दुवा पानावर दाखवावा. नागरिक तो दाबतो, ती नवी कृती ठरते आणि पावती उघडते. एक क्लिक वाढतो खरा, पण अडथळ्याची शक्यता जवळजवळ उरत नाही.

३. अर्ज थेट नव्या टॅबकडे पाठवावा. नागरिकाने ‘सादर करा’ हे बटण दाबताच अर्ज सर्व्हरकडे जावा आणि त्याचे उत्तर नव्या टॅबमध्ये यावे, अशी व्यवस्था एचटीएमएलच्या फॉर्ममध्येच करता येते. येथे टॅब क्लिकसरशी उघडतो व उत्तर सावकाश आले तरी चालते. मात्र फॉर्म बटणाने सादर झाला पाहिजे. आज्ञावलीने उशिरा सादर केला, तर तोही अडतो.

४. खिडकी आधी उघडावी, मजकूर नंतर भरावा. वेगळी खिडकी अगदी अपरिहार्य असेल, तर क्लिक होताच प्रथम कोरी खिडकी उघडावी. तिच्यात ‘कृपया थांबा, पावती तयार होत आहे’ असा मजकूर ठेवावा. उत्तर आल्यावर त्याच खिडकीस पावतीचा पत्ता द्यावा. उत्तर न आल्यास किंवा चूक झाल्यास ती खिडकी बंद करून मूळ पानावर स्पष्ट खुलासा करावा. कोरी खिडकी तशीच सोडून देणे म्हणजे एक कोडे काढून दुसरे घालणे होय.

चौथा उपाय योजताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की खिडकी अडल्यास ‘विंडो डॉट ओपन’ ही आज्ञा ‘नल’, म्हणजे रिक्त मूल्य, परत करते. आज्ञावलीने हे मूल्य तपासलेच पाहिजे आणि रिक्त आढळल्यास लगेच दुवा दाखविला पाहिजे. तथापि ही तपासणी पूर्णतः विश्वसनीय नाही. ब्राउझरला जोडलेल्या काही जाहिरातरोधक आज्ञावल्या खिडकी उघडू देतात आणि क्षणार्धात बंद करतात. म्हणून दुवा सर्वच वेळी दिसेल, अशी योजना करणे श्रेयस्कर.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. अशा रीतीने उघडलेल्या खिडकीतील परक्या संकेतस्थळास आपल्या मूळ पानाचा पत्ता बदलता येतो. नागरिक परत येतो तेव्हा त्याच्यासमोर हुबेहूब दिसणारे बनावट पान असू शकते. हा धोका टाळण्यासाठी दोन्ही खिडक्यांमधील संबंध तोडणारी ‘नोओपनर’ ही सूचना आहे. परंतु ती दिल्यास खिडकी उघडली तरी आज्ञा रिक्त मूल्यच परत करते, त्यामुळे वरील तपासणी फसते आणि नंतर पत्ताही देता येत नाही. यास्तव कोऱ्या खिडकीचा मूळ पानाशी असलेला संबंध आज्ञावलीने आधी स्वतः तोडावा आणि मगच तिला परक्या स्थळाचा पत्ता द्यावा.

‘प्रतिबंध बंद करा’ ही सूचना का नको?

अनेक संकेतस्थळांवर ‘कृपया आपला पॉप-अप ब्लॉकर बंद करावा’ अशी ओळ लिहिलेली आढळते. ही ओळ लिहिणे सोपे असले, तरी तिचे परिणाम दूरवरचे आहेत. सेवा केंद्रातील संगणक अनेकांचा असतो. तेथे एकाच्या कामासाठी प्रतिबंध काढला, की तो पुढच्या सर्वांसाठी निघालेला राहतो. मग ‘आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे, त्वरित या क्रमांकावर संपर्क साधा’ अशा भीती घालणाऱ्या बनावट खिडक्यांना मोकळे रान मिळते. अशा खिडक्यांच्या आधारे पैसे उकळण्याचे प्रकार अनेक देशांत घडले आहेत. शासकीय पानावरच संरक्षण काढण्यास सांगितले, तर नागरिकास त्याचीच सवय लागते आणि उद्या एखाद्या ठकाने तेच सांगितले तर तो ते निःशंकपणे मानतो.

क्वचित प्रसंगी जुने संकेतस्थळ बदलेपर्यंत अन्य इलाज नसेल, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये केवळ त्याच एका स्थळास परवानगी देता येते. सेवा केंद्रचालकांनी एवढीच परवानगी द्यावी. सरसकट प्रतिबंध काढू नये. खिडकी अडली असता संगणकावरील ब्राउझर बहुधा पत्त्याच्या पट्टीत लहानसे चिन्ह किंवा पानाच्या वर सूचना दाखवितो. ते चिन्ह ओळखण्यास केंद्रचालकांना व शिक्षकांना शिकविले, तर ‘यंत्र बिघडले’ हा गैरसमज बराच कमी होईल.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

संगणक शिकविणाऱ्या शिक्षकांना हा नियम एका तासात प्रत्यक्ष दाखविता येईल. एका साध्या पानावर तीन बटणे करावीत. पहिले बटण दाबताच खिडकी उघडण्याची आज्ञा असावी. दुसऱ्या बटणात तीच आज्ञा दहा सेकंद थांबून द्यावी. तिसऱ्यात दहा सेकंदांनंतर खिडकीऐवजी दुवा दिसावा. पहिली खिडकी उघडेल, दुसरी अडेल आणि तिसऱ्यात विद्यार्थी दुवा दाबून पुढे जाईल. त्यानंतर दुसऱ्या बटणातील थांबण्याचा काळ एकेक सेकंदाने कमी करीत जावे आणि खिडकी केव्हा उघडू लागते, याची नोंद निरनिराळ्या ब्राउझरांत घ्यावी. प्रतीक्षेच्या वेळात पानास दुसऱ्यांदा स्पर्श करू नये, अन्यथा नवी मुभा मिळून प्रयोग बिघडतो. मुभा ही काळाशी बांधलेली आहे, हे विद्यार्थ्यांना या नोंदींवरून स्वतःच उमगेल.

संकेतस्थळ स्वीकारताना

आज्ञावली लिहिणे हे अधिकाऱ्यांचे किंवा पंचायत सदस्यांचे काम नव्हे. परंतु तयार झालेले काम पारखून घेणे हे त्यांचे कर्तव्य आहे. त्यासाठी पुढील प्रश्न विचारावेत.

१. नवी खिडकी कोठे कोठे उघडते? तेथे तिची खरोखर गरज आहे काय?
२. प्रतिबंध चालू ठेवून प्रत्येक सेवा शेवटपर्यंत पूर्ण होते काय?
३. संथ जोडणीवर चाचणी झाली आहे काय? ब्राउझरमधील विकासकांच्या साधनांत जोडणी कृत्रिमरीत्या संथ करण्याची सोय असते. शक्य तेथे प्रत्यक्ष गावातील मोबाइलवरच चाचणी घ्यावी.
४. किमान तीन ब्राउझर आणि दोन्ही प्रकारचे मोबाइल तपासले आहेत काय?
५. नवी खिडकी उघडणार असल्याची पूर्वसूचना दिली आहे काय? पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनावर विसंबणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीस अचानक बदललेली खिडकी गोंधळात टाकते.
६. पावती किंवा दाखला नोंदणी क्रमांकावरून केव्हाही पुन्हा मिळतो काय?
७. बटण दोनदा दाबल्यास किंवा भरणा पुन्हा सुरू केल्यास सर्व्हर आधीची नोंद ओळखून दुसरी वसुली थांबवितो काय?

यांतील शेवटचे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे आहेत. खिडकी हे केवळ दाखविण्याचे साधन होय. खरी पावती सर्व्हरवरील नोंदीत असते. ती नोंद पक्की असेल आणि हवी तेव्हा पाहता येत असेल, तर एखादी खिडकी अडली म्हणून नागरिकाचे नुकसान होणार नाही. भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०२३ साली त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. संकेतस्थळ प्रत्येकास सुलभतेने वापरता यावे, हा त्यांचा गाभा आहे. पॉप-अपचा प्रश्न त्या व्यापक कर्तव्याचाच एक भाग समजावा.

ब्राउझरचे नियम यापुढेही बदलत जातील. मुभेचा अवधी कमी होईल, नवी बंधने येतील. मात्र वापरकर्त्याने मागितले तेवढेच त्याच्यासमोर यावे, हे त्यामागील तत्त्व आजवर कायम राहिले आहे. त्या तत्त्वास धरून केलेली रचना ब्राउझर बदलला तरी टिकते आणि वेगवान जोडणीच्या शहराइतकीच दूरच्या पाड्यावरही काम देते. संकेतस्थळांची कामे सोपविणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या सर्व संबंधितांनी ही कसोटी आपल्या तपासणीत समाविष्ट केल्यास, पावतीसाठी होणारे अनेक निष्फळ हेलपाटे वाचतील.